तिकिटाची चुटपुट आणि अक्कलखाते

झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. खंत आहे, हळहळ आहे, रुखरुख आहे, पश्चात्ताप आहे. त्यांपैकी पश्चात्ताप हा भारदस्त शब्द. त्याच्यामागे पाप नसले तरी निदान एखादा अपराध असावा लागतो. हळहळ आपण दुसऱ्यासाठीही करतो. पण विमानाचे तिकीट ८,९०० रुपयांना काढावे आणि चार दिवसांनी त्याच विमानाचे, त्याच दिवसाचे तिकीट ६,२०० रुपयांना दिसावे, तेव्हा मनाला जे लागते त्यासाठी एकच शब्द चपखल बसतो, तो म्हणजे चुटपुट. कोणी फसवलेले नसते, पैसे बुडालेले नसतात, ठरल्या दिवशी विमान आपल्याला नेणारही असते. तरी जेवताना, झोपताना, पासबुकातील नोंद पाहताना ते २,७०० रुपये डोळ्यांपुढे नाचत राहतात.

अशा रकमेची विल्हेवाट लावण्यासाठी आपल्या पूर्वजांनी एक खाते उघडून ठेवले आहे. ते कोणत्याही बँकेच्या खतावणीत सापडणार नाही, पण घरोघरी चालू असते. त्याचे नाव अक्कलखाते. जादा गेलेला पैसा अक्कलखाती टाकावा आणि पुढे चालावे, असा सल्ला वडीलधारी माणसे देत आली. सल्ला प्रेमाचा आहे. परंतु हिशेबनीसाच्या दृष्टीने पाहता त्यात एक अडचण आहे. कोणतीही रक्कम एखाद्या खाती टाकण्यापूर्वी ती त्या खात्याची आहे काय, हे तपासावे लागते. तिकिटाचे जादा पैसे खरोखरच आपल्या अकलेच्या उणिवेमुळे गेले काय?

यासाठी विमानाचे भाडे कसे ठरते ते पाहू. मंडईत संध्याकाळी भाजी स्वस्त होते, कारण उद्या ती सुकणार असते. विमानातील रिकामे आसनही असेच नाशवंत. विमान धावपट्टी सोडताच त्याची किंमत शून्य होते. मग शेवटच्या दिवशी तिकीट स्वस्त व्हायला हवे. बहुधा होते ते उलट. याचे कारण गिऱ्हाइकात आहे. महिनाभर आधी तिकीट काढणारा पर्यटक दर पाहून बेत बदलू शकतो. शेवटच्या दोन दिवसांत येणारा मात्र व्यवसायाच्या कामासाठी, मुलाखतीसाठी किंवा आजारी माणसाला भेटण्यासाठी निघालेला असतो. त्याला जाणे भागच असते. तेव्हा आसने सगळी आधीच स्वस्तात विकायची नाहीत, काही या उशिरा येणाऱ्यासाठी राखायची, हे या व्यवसायाचे सूत्र. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यावरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला आणि १९८५ च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्सने, रॉबर्ट क्रँडल यांच्या नेतृत्वाखाली, संगणकाच्या साह्याने हे सूत्र मोठ्या प्रमाणावर राबवले. आज जगभर तीच पद्धत रूढ आहे.

सुमारे १८० आसनांच्या विमानात एकाच वर्गाची आसने दिसायला सारखी असली, तरी विक्रीसाठी त्यांचे अनेक दरगट पाडलेले असतात. सर्वांत स्वस्त गटातील आसने संपली की पुढचा महाग गट उघडतो. अपेक्षेइतकी विक्री झाली नाही, तर बंद झालेला स्वस्त गट पुन्हा खुला केला जातो. एखाद्या कुटुंबाने चार आसने एकदम मागितली आणि स्वस्त गटात दोनच शिल्लक असतील, तर बहुतेक वेळा चारही आसनांना वरचा दर दाखवला जातो. म्हणजे आपण तिकीट काढल्यानंतर दर उतरणे ही त्या यंत्रणेची रोजची उघडझाप आहे. आपण ज्या दिवशी पैसे भरले, त्या दिवशी ६,२०० रुपयांचा दर अस्तित्वातच नव्हता. जो दर बाजारात नव्हता तो आपल्याला मिळाला नाही, याला चूक म्हणायचे तर मग काल न विकत घेतलेल्या प्रत्येक समभागाबद्दल आपण आज स्वतःला दोष द्यायला हवा.

आपल्या देशात १९९४ साली हवाई महामंडळांचा जुना कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना रीतसर वाट मिळाली. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली आणि पुढे तिच्या एक रुपयाच्या तिकिटांची चर्चा घरोघर झाली. ती कंपनी गेली, पण तो एक रुपया एका पिढीच्या मनात मापदंड होऊन बसला, असे मला वाटते. स्वस्त तिकिटाच्या कथा सांगितल्या जातात. महाग तिकीट काढणारा बिचारा गप्प बसतो. त्यामुळे जग स्वस्तात उडते आहे आणि आपणच तेवढे महागात, असा ग्रह होतो. त्यात शेजारच्या आसनावरील सहप्रवाशाने ‘तुम्हाला कितीला पडलं?’ असे विचारले की संपलेच. हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडील हौस पाहता विमानात सुरक्षापट्ट्याबरोबर त्याचीही सूचना द्यावी, असे वाटते.

अर्थात प्रत्येक चढा दर निमूटपणे मान्य करावा असे नाही. कोविडच्या काळात २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत सरकारने देशांतर्गत भाड्याला मर्यादा घातल्या होत्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली तेव्हाही तात्पुरती कमाल मर्यादा लावावी लागली. संकटाच्या वेळची अशी लूट ही तक्रारीची बाब आहे. आपण बोलत आहोत ते रोजच्या चढउताराबद्दल.

मन या चढउताराला इतके का लावून घेते? डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली एक प्रसंग लोकांपुढे ठेवला होता. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळाकडे निघतात, वाटेत खोळंबतात आणि अर्धा तास उशिरा पोहोचतात. एकाला कळते की त्याचे विमान वेळेवर गेले. दुसऱ्याला कळते की त्याचे विमान उशिरा निघाले, आताच पाच मिनिटांपूर्वी. दोघांचेही विमान चुकले, दोघांचे नुकसान सारखेच. तरीही ९६ टक्के लोक म्हणाले की दुसऱ्याला जास्त वाईट वाटेल. जे थोडक्यात हुकले ते अधिक डाचते, कारण ते मिळाले असते असे चित्र मन चटकन रंगवू शकते. तिकिटाच्या बाबतीत हे चित्र रंगवायला कष्टच पडत नाहीत. भ्रमणध्वनीवर बोट ठेवले की नवा दर समोर हजर. तिकीट काढून झाल्यावरही रोज दर पाहत बसणारे अनेक ग्राहक मला ठाऊक आहेत. ही स्वतःहून ओढवून घेतलेली पीडा आहे.

याच जोडीचा १९८१ मधील दुसरा प्रयोग बँकेत काम करणाऱ्यास विशेष भावेल. १५ डॉलरचा गणकयंत्र वीस मिनिटांवरच्या दुकानात ५ डॉलरने स्वस्त आहे म्हटल्यावर ६८ टक्के लोक तिथे जायला तयार झाले. तेच यंत्र १२५ डॉलरचे असताना तेवढेच ५ डॉलर वाचवण्यासाठी २९ टक्केच तयार झाले. ५ डॉलर दोन्हीकडे तेच. बदलली ती शेजारी ठेवलेली रक्कम. आपले २,७०० रुपये आपण ८,९०० च्या शेजारी ठेवतो म्हणून ते डोंगराएवढे दिसतात. निवास, जेवण, भेटवस्तू, फिरणे धरून ज्या प्रवासाला साठ हजार लागणार आहेत, त्याच्या शेजारी ते ठेवून पाहावेत.

माझी नेमणूक बडोद्यास असताना दांडिया बाजारात राहणारे एक निवृत्त शिक्षक शाखेत नेहमी येत. मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांनी पत्नीसह बंगळूरची दोन तिकिटे प्रत्येकी ९,४०० रुपयांना काढली. आठवड्याने तोच दर ६,१०० झाला. दोघांचे मिळून ६,६०० रुपये जादा गेले, हे त्यांच्या मनाने घेतले आणि ते भरून काढण्याचा त्यांनी निश्चय केला. बंगळूरचा विमानतळ शहरापासून बराच दूर, देवनहळ्ळीला. जावयांनी गाडी ठरवतो म्हटले, ती यांनी नाकारली. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांचे डबे, दोन बॅगा आणि गुडघे धरलेली पत्नी यांच्यासह ते बसने निघाले, मधे एकदा बस बदलली आणि संध्याकाळच्या वाहतुकीत अडकून रात्री घरी पोहोचले. पत्नी पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळली. म्हणजे जिच्या मदतीसाठी गेले, तिलाच आईची शुश्रूषा करावी लागली. वाचले किती, तर हजारभर रुपये.

परत आल्यावर ते पेढे घेऊन शाखेत आले. नात झाली होती. अभिनंदनाचा स्वीकार करता करता ते म्हणाले, ‘पण साहेब, तिकिटाला सहा हजार सहाशे जादा गेले हो.’ बाजूला उभ्या असलेल्या बाईंनी डबा काउंटरवर ठेवला आणि शांतपणे म्हटले, ‘विहीणबाईंना फोन केला तेव्हासुद्धा यांनी आधी तिकीट सांगितलं, मग नात.’

गेलेल्या पैशाला अर्थशास्त्रात बुडीत खर्च म्हणतात. तो परत येणार नसतो, म्हणून पुढील निर्णयात त्याला मत देऊ नये, असे शास्त्र सांगते. माणूस मात्र मत देतोच. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी एक प्रश्न विचारला होता. बर्फावरील खेळांच्या दोन सहलींची तिकिटे चुकून एकाच दिवसांची निघाली आहेत. एक १०० डॉलरची, दुसरी ५० ची, आणि ५० च्या सहलीत मजा अधिक येईल असे वाटते. कुठे जाल? निम्म्याहून अधिक लोकांनी महागडी, पण कमी आनंदाची सहल निवडली. आमचे शिक्षक पैशाची भरपाई म्हणून पत्नीचे गुडघे खर्ची घालतात, ते याच जातीचे.

बँकेत एखादे कर्ज निर्लेखित करतात, तेव्हा कर्जदाराला माफी मिळाली असा अनेकांचा समज होतो. तसे नसते. ताळेबंद खरा दिसावा म्हणून ती रक्कम पुस्तकातून काढली जाते. वसुलीचे प्रयत्न चालूच राहतात. तिकिटाच्या बाबतीतही हाच क्रम योग्य. मनाच्या पुस्तकातून रक्कम काढावी, आणि जे वसूल होण्याजोगे आहे ते एकदा, शांतपणे पाहावे.

वसुलीच्या वाटा थोड्या आहेत, पण आहेत. प्रवासाला पुरेसे दिवस बाकी असता आरक्षण केल्यास त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत ते विनाशुल्क रद्द करता येते. ही मुदत आणि तिच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच त्या वाचून घ्याव्यात. दर पुन्हा पाहायचा तर या मुदतीत पाहावा. नंतर पाहून बहुधा हाती काही लागत नाही. समजा, ८,९०० चे तिकीट रद्द करण्याचे शुल्क ३,५०० आहे. हाती ५,४०० येतील आणि नवे तिकीट ६,२०० चे; म्हणजे स्वस्त तिकीट घेण्यासाठी ८०० रुपये पदरचे घालावे लागतील. मात्र काही कारणाने प्रवासच रद्द झाला, तर परतावा मिळणार नाही असे बजावलेल्या सवलतीच्या तिकिटावरही वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळवण्याचा हक्क नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी प्रवाशाला दिला आहे. अनेक प्रवासी तो मागतच नाहीत. परताव्याची रक्कम कंपनीकडे पुढील प्रवासासाठी जमा ठेवायची की नाही, हेही प्रवाशाने ठरवायचे असते. कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेकडे तक्रार करता येते.

येथे एक धोका सांगणे बँकेचा अधिकारी या नात्याने आवश्यक वाटते. चुटपुट लागलेला माणूस घाईत असतो. तो परताव्यासाठी इंटरनेटवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधतो आणि भामट्यांनी तेथे पेरून ठेवलेल्या क्रमांकावर फोन लावतो. पलीकडचा गोड आवाज ‘तुमचे पैसे लगेच परत करतो’ म्हणत भ्रमणध्वनीचा पडदा दाखवणारे एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतो, ओटीपी विचारतो, आणि दोन-तीन हजारांच्या मागे लागलेल्याचे खाते रिकामे होते. परतावा जमा होण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीही लागत नाही. क्रमांक तिकिटावरचा किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच घ्यावा. असे काही घडलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

राहता राहिले अक्कलखाते. ते रिकामे ठेवावे असे माझे म्हणणे नाही. तिथे फक्त त्याच खात्याच्या नोंदी असाव्यात. दिवाळीची तारीख वर्षभर आधी भिंतीवर टांगलेली असताना तिकीट धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात काढले, तर ती नोंद नि:संशय तिथली. शिक्षकांचे तिकीट मी त्यांच्याकडून मागून घेऊन पाहिले. त्यात ३,३०० रुपयांच्या फरकाचे काही करण्याजोगे नव्हते. बाळंतपणाची तारीख हाती आल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी आरक्षण केले होते, ते योग्यच होते. पण खाली बारीक अक्षरांत आसननिवडीचे प्रत्येकी ३५० रुपये होते. अशा जादा सेवा प्रवाशाने मागितल्या तरच घ्यायच्या असतात; न निवडल्यास आसन विनामूल्य दिले जाते, फक्त ते खिडकीचे असेलच असे नाही. हे त्यांना ठाऊक नव्हते. मी म्हटले, ‘गुरुजी, अक्कलखाती सातशे टाका, बाकीचे प्रवासखाती.’ त्यांनी पासबुकाच्या मागे पेन्सिलीने ७०० लिहिले, आणि पेढ्याचा डबा उघडून आमच्या रोखपालांपुढे धरला.