नसलेल्या गिटारचे पडदे

वर्गातील बाक हाच तबला समजून वाजवणारे विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला येतात. त्यांना निदान बाक तरी लागतो! फिनलंडमधील ओउलू या शहरी ऑगस्ट महिन्यात एक जागतिक स्पर्धा भरते, तीत वाद्यच नसते. स्पर्धक रंगमंचावर येतो, नसलेली गिटार पोटाशी धरतो आणि ध्वनिमुद्रित संगीताबरोबर ती ‘वाजवतो’. हीच एअर गिटार, म्हणजे हवेची गिटार. १९९६ साली तेथील संगीत-चित्रफितींच्या महोत्सवात गंमत म्हणून हिचा आरंभ झाला. आता देशोदेशींचे विजेते तेथे जमतात.

प्रत्येकाला ६० सेकंद मिळतात. पहिल्या फेरीत गाणे स्वतःच्या पसंतीचे, दुसऱ्या फेरीत सर्वांना एकच. परीक्षक ४ ते ६ या दरम्यान गुण देतात. गिटार विजेची असो वा साधी, ती अदृश्यच हवी. गुण देताना तंत्र पाहतात, रंगमंचावरील प्रभाव पाहतात, आणि तिसरा निकष ‘एअरनेस’ नावाचा: नक्कल ही नक्कल न राहता स्वतंत्र कला झाली का? याला एकक नाही, म्हणून आम्हा भौतिकीवाल्यांचे तेथे काही चालत नाही. तंत्राच्या बाबतीत मात्र चालते.

तुम्ही विचाराल, हात हलला की हवाही हलतेच. मग आवाज का नाही? हात सेकंदाला फार तर पाच-सहा वेळा खाली-वर होईल. सुमारे २० हर्ट्झच्या खालची कंपने आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत. खऱ्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा. शिवाय संथ हलणाऱ्या हातापुढची हवा दाबली न जाता बाजूने निसटून जाते. बारीक तारेचीही हीच अडचण. म्हणून तर सतारीला भोपळा लागतो आणि साध्या गिटारला लाकडी पेटी.

आता डाव्या हाताकडे पाहू. खरी मौज येथे आहे. गिटारच्या दांडीवर सतारीसारखेच पडदे असतात. ताण कायम असता तारेची कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. ही मजल बारा पडद्यांत गाठायची असते व प्रत्येक पडद्याला कंपनसंख्या सारख्याच पटीने वाढते. ही पट सुमारे १.०५९५. (ती बारा वेळा घेऊन गुणाकार करा, उत्तर जवळजवळ २ येईल.)

समजा, तार ६५ सेंटिमीटर लांब आहे. पहिला पडदा टोकापासून सुमारे ३.६ सेंटिमीटरवर येईल आणि बारावा ३२.५ वर. पण अकराव्या व बाराव्या पडद्यांत अंतर उरते अवघे १.९ सेंटिमीटर! म्हणजे स्वर चढत गेला की हात छातीकडे सरकला पाहिजे, आणि सरकताना त्याची पावले आखूड होत गेली पाहिजेत. गाण्यात एकाच तारेवर स्वर चढत आहे आणि स्पर्धकाचा हात मात्र दूर चालला आहे, ही चूक गिटार येणाऱ्या परीक्षकाच्या नजरेतून सुटणे कठीण. जाड तारेवरून बारीक तारेवर गेले तर हात न सरकताही स्वर चढतो, हे खरे. तेवढी सूट स्पर्धकाला द्यावी लागते.

२००५ च्या सुमारास हेलसिंकी तंत्रविद्यापीठात हीच विद्या संगणकाला शिकवण्यात आली. वादकाने नारिंगी हातमोजे घालायचे. कॅमेऱ्याच्या साहाय्याने संगणक दोन मोज्यांतील अंतर मोजतो, त्यावरून स्वर ठरवतो व उजवा हात खाली आला की तार छेडल्याचा आवाज काढतो. माझ्या मते मात्र आवाज निघू लागला की ते एक नवे वाद्यच झाले. ओउलूच्या रंगमंचावर त्याला जागा नाही.

संयोजक म्हणतात की जगातील सर्वांनी हवेची गिटार वाजवली तर युद्धे थांबतील. हा दावा तपासण्याचा प्रयोग मला सुचलेला नाही. दुसरा एक प्रयोग तुम्ही घरी जरूर करा. ६५ सेंटिमीटरची कागदी पट्टी घ्या. ६५ ला १.०५९५ ने भागा, ६१.३५ येतील. पुन्हा भागा, ५७.९ येतील. असे बारा वेळा भागून प्रत्येक लांबी एकाच टोकापासून मोजा व तेथे खूण करा. ते टोक उजव्या हाताशी, पोटाजवळ धरा. आता डावी तर्जनी कोठे जायला हवी ते पाहा.