दोनशे मिनिटं कुणाची?

आधी एक सोपं गणित. बास्केटबॉलचा आंतरराष्ट्रीय सामना ४० मिनिटांचा असतो आणि कोर्टवर एका वेळी पाच जण. म्हणजे कोचच्या खिशात मोजून २०० मिनिटं. संघात पोरं बारा! पाच सीनियर्सनी प्रत्येकी ३२ मिनिटं घेतली की १६० संपली. उरलेल्या ४० मिनिटांत बाकीचे सात जण. मेसमधल्या फीस्टला रांगेत शेवटी उभं राहणाऱ्यांची जी गत, तीच यांची.

नवीन पोरगा "बेंचवर बसून शिकतो" असं म्हणतात. थोडंफार शिकतोही. पण पंजाबच्या सतनाम सिंगचं उदाहरण बघा. २०१५ साली डॅलस मॅव्हेरिक्सने त्याला एन.बी.ए.च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता, उंची सात फुटांच्या वर. ड्राफ्ट झालेला भारतात जन्मलेला तो पहिलाच, म्हणून पेपरांत फोटोबिटो छापून आले. पुढे तो टेक्सास लेजंड्स या दुय्यम लीगमधल्या संघात गेला, तिथेही फार वेळ मिळाला नाही. एन.बी.ए.मध्ये एकही मिनिट खेळायला मिळालं नाही. उंची आहे, करार आहे, पण "संघात तुझं काम अमुक" हे ठरलेलं नसेल तर मिनिटं येणार कुठून?

आता आपल्या मातीतला खेळ घेऊ, कारण तिथे हा प्रश्न आणखी अवघड होतो. कबड्डीत सात जण उतरतात, सामना ४० मिनिटांचाच. पण बाद झालात की बाहेर, आणि घड्याळ काही तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय बाद झालेले ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात. त्यामुळे इथे मिनिटं मोजून उपयोग नाही. मोजायच्या त्या चढाया आणि पकडीचे प्रयत्न. एका संघाला सामन्यात साधारण ४० चढाया मिळतात. मुख्य चढाईपटूने त्यातल्या वीस खाल्ल्या, दुसऱ्याने बारा, की तिसऱ्या नंबरच्या पोराला उरतात आठ. त्यातही कोच बहुधा त्याला नको ती देतो: दोन रिकाम्या चढायांनंतरची "डू ऑर डाय". गुण आणला नाही तर तू बाद! मला विचाराल तर नवख्याला वारंवार याच चढाईवर पाठवणं म्हणजे नव्या गाडीचं रनिंग-इन दिवे घाटात करण्यासारखं आहे.

पुणेरी पलटणने हे काम बऱ्यापैकी शिस्तीत केलं. प्रो कबड्डीत लिलावाबाहेर नवोदितांशी करार करायची सोय आहे, तिला "न्यू यंग प्लेयर" म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूला आठवा सीझन सुरू झाला तेव्हा पलटणकडे राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं होती. सीझन संपेपर्यंत चढायांचा बराचसा भार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन पोरांवर आला होता. अस्लम नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा, म्हणजे तसा आपला शेजारीच. २०२२ ला संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटण जिंकली, तेव्हा कप्तान होता अस्लम!

यात बघण्यासारखं काय, तर एकट्याच्या डोक्यावर सगळं लादलेलं नव्हतं. अस्लम, मोहित, पंकज मोहिते असे तिघे चढाईला. एक बाद झाला तर दुसरा गुण आणून त्याला परत आत घेतो. मोहित पकडीतही हातभार लावणारा, म्हणजे चढाई फसली तरी मॅटवर त्याचं काम संपत नाही. नवीन बचावपटूचंही तसंच. त्याला एकदम कोपऱ्यात एकटं सोडायचं नाही. आधी अनुभवी कोपरारक्षकाशेजारी साखळीत उभं करायचं. पहिला हात कोपऱ्याने घालायचा, याने फक्त मागून धरायचं. घाईघाईत पुढे घुसून गुण फुकट देणं हा नवख्याचा ठरलेला रोग, आणि काम छोटं असलं की तो कमी होतो.

दौंडमध्ये हा विषय नुसता हौसेचा नाही. इथे एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला राज्य राखीव पोलीस दलाचे गट. रेल्वेत खेळाडूंची वेगळी भरती होते आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या पातळीवरची कामगिरी लागते, आणि जो पोरगा तीन वर्षं पाण्याच्या बाटल्याच उचलतो त्याची कामगिरी होणार कधी?

आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत फायनल इयरवाले सगळं खेळतात, मे महिन्यात निघून जातात आणि जूनमध्ये संघ परत शून्यावर. त्यापेक्षा पुढच्या झोनलला स्कोअरशीटशेजारी एक साधी वही ठेवा. फर्स्ट आणि सेकंड इयरच्या प्रत्येकाला किती चढाया, पकडीचे किती प्रयत्न मिळाले एवढंच लिहायचं. आणि सामन्याआधी पोराला नेमकं सांगायचं: समोर सहा-सात जण असताना तू जा, बोनस बघ, नाही मिळाला तर परत ये. अशा पाच चढाया तुझ्या. त्यात बाद झालास तरी पुढच्या सामन्यातही पाच मिळणार.