पडद्याआडचा नाद

जानेफळसारख्या गावातील व्यापारी घरात मुलाच्या भवितव्याचा विचार बहुधा दुकान आणि खातेवही यांच्या आधारानेच होतो. अशा घरातील मुलाने ‘नाटकांचे ध्वनिसंयोजन करणार’ असे सांगितले, तर वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात, ‘यात भागेल का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना वऱ्हाडच्याच एका सुपुत्राचे चरित्र मार्गदर्शक ठरते.

केशवराव भोळे यांचा जन्म २३ मे १८९६ रोजी अमरावतीचा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. मात्र ती वाट सोडून संगीत नाटकाकडे वळले. त्या काळी गायक नटाच्या पदाला ‘वन्समोअर’ मिळत राहिला की कथानक खोळंबून बसे. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत भोळे यांचे होते. त्यात पदांची गर्दी नव्हती. गाणी मोजकी आणि प्रसंगाला धरून होती. संगीताने नाटकाची सेवा करावी, हा त्यामागचा विचार होता.

पुढे ते ‘प्रभात’ चित्रसंस्थेत गेले. १९३७ च्या ‘कुंकू’ या चित्रपटात नेहमीचे पार्श्वसंगीत वापरलेच नाही. प्रसंगातील स्वाभाविक आवाजांनीच ते काम केले. वृद्ध पतीच्या घरातील घड्याळाची टिकटिक तेथे वाद्यांहून अधिक बोलते. कोठे वाजवावे याइतकेच कोठे थांबावे, याचे भान त्यातून दिसते.

आजच्या ध्वनिसंयोजकाचे कामही याच विवेकावर उभे आहे. तो संहिता वाचतो, तालमींना बसतो, पावसाचा, गाडीचा, दाराच्या कडीचा आवाज निवडतो आणि प्रत्येक आवाज कोणत्या वाक्यावर सुरू व्हावा, कोणत्या वाक्यावर विरावा, याची नोंद ठेवतो. प्रयोगात एक क्यू क्षणभर उशिरा आला, तरी गंभीर प्रसंगी प्रेक्षागृहात हशा पिकतो. उधारीप्रमाणे ती चूक मागाहून वसूल होत नाही.

मिळकतीचे वास्तवही लपवू नये. व्यावसायिक नाटकात मोबदला बहुधा प्रयोगागणिक, म्हणजे ‘नाइट’वर मिळतो, प्रयोग नाही त्या दिवशी नाइटही नाही. म्हणून अनेक जण ध्वनिमुद्रण, मालिका, चित्रपट यांचीही कामे करतात. रीतसर शिक्षणाची सोय आहे. दिल्लीतील राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून नाट्यशिक्षण देत आहे. पुण्याच्या चित्रपट संस्थेत ध्वनिविषयक अभ्यासक्रम आहे. १९६० साली स्थापन झालेली ही संस्था ‘प्रभात’च्याच जुन्या आवारात उभी आहे.

मुलाला होकार देण्यापूर्वी त्याने एखाद्या नाटकाच्या तालमींना सलग काही आठवडे बसून पाहावे, आणि वडिलांनी एकदा प्रयोग डोळे मिटून ऐकावा. धंद्यात पाऊल टाकण्यापूर्वी बाजार पाहण्याची आपली रीत येथेही उपयोगी पडेल. त्यानंतर होणारा निर्णय, होकार असो वा नकार, विचारपूर्वक घेतलेला असेल.