परभणीत बसून आयआयटीचा कोर्स आणि डिग्रीत क्रेडिट: हे नेमकं चालतं कसं?

बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला ॲडमिशन घेतली की परभणीत एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: "इथं काय शिकणार, पुण्याला जा." मामा म्हणतात, शेजारचे काका म्हणतात, कधीकधी कॉलेजातले सरसुद्धा म्हणतात. पुण्याला जायचं म्हणजे खोलीभाडं, मेस आणि क्लासची फी असा तिहेरी खर्च. ज्या घराचं वर्ष सोयाबीन आणि कापसाच्या पैशावर निघतं, त्या घराला हा सल्ला फार महागात पडतो.

पुण्याला जाऊच नका असं मी म्हणणार नाही. पण जायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. देशातल्या मोठ्या संस्थांनी एकत्र येऊन कॉम्प्युटर सायन्स शिकवायची जी व्यवस्था उभी केली आहे, तिचा बराचसा भाग तुमच्या मोबाईलवर आधीच आहे. शिवाय त्यातले काही कोर्स तुमच्या डिग्रीत अधिकृतपणे धरता येतात. पहिली गोष्ट बहुतेकांना माहीत असते. दुसरी माहीत नसते, आणि मुलांचं नुकसान तिथंच होतं.

आठ संस्था आणि एक साधी अडचण

इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरची कॉलेजं देशात भराभर वाढली, पण शिकवणारी चांगली माणसं त्या वेगानं वाढली नाहीत. मग उपाय काय? जिथं चांगले प्राध्यापक आहेत तिथं त्यांची लेक्चर रेकॉर्ड करायची आणि सगळ्यांना फुकट द्यायची. २००३ मध्ये मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, गुवाहाटी आणि रुरकी या सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएस्सी यांनी मिळून हे काम हाती घेतलं. त्याचं नाव एनपीटेल. ज्या संस्थेत ज्या विषयाचा जाणकार, त्या संस्थेनं तो विषय रेकॉर्ड करायचा, अशी वाटणी. एकाच आयआयटीला हे सगळं कधीच जमलं नसतं.

पुढे नुसत्या व्हिडिओंवर न थांबता त्यात दर आठवड्याची असाइनमेंट आणि शेवटी परीक्षा आली, सर्टिफिकेट आलं. मग ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारचं 'स्वयं' सुरू झालं. इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून सोपं करून सांगतो. स्वयं हा बाजार आहे आणि एनपीटेल हा त्यातला एक गाळा. असे नऊ गाळे आहेत, इग्नू, यूजीसी, एआयसीटीई वगैरे. कॉम्प्युटर सायन्सचा बहुतेक माल एनपीटेलच्या गाळ्यावर मिळतो.

आता त्यात फक्त मूळ आठ संस्थाच शिकवतात असंही राहिलेलं नाही. पायथनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम शिकवणारे माधवन मुकुंद हे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे. 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग' हा अगदी नवख्यांसाठीचा पायथन कोर्स आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगारांचा. डेटाबेस शिकायचा तर खरगपूरचे पार्थ प्रतिम दास. पहिल्यांदाच बघत असाल तर माझं मत विचाराल तर रोपडपासून सुरू करा. अल्गोरिदमचा कोर्स चांगला आहे, पण पायथनची तोंडओळख नसेल तर तिसऱ्या आठवड्यात दम लागतो.

एक आठवण इथं सांगायला हवी. फक्त विद्यार्थ्यांना शिकवून भागणार नाही, शिक्षकांनाही सोबत घ्यावं लागेल, हे आयआयटी मुंबईच्या दीपक फाटक सरांनी आधीच ओळखलं होतं. २००९ च्या सुमारास त्यांनी एकाच वेळी हजार शिक्षकांना शिकवायचा प्रयोग सुरू केला, पुढे तो दहा हजारांपर्यंत गेला. सर पवईत शिकवायचे आणि देशभरातल्या कॉलेजांत केंद्रांवर बसलेले शिक्षक तिथूनच प्रश्न विचारायचे. त्यासाठी वापरलेलं ए-व्ह्यू हे सॉफ्टवेअर अमृता विद्यापीठानं बनवलेलं. झूम घराघरात पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

क्रेडिटचं गणित

परभणी जिल्ह्यातली बहुतेक पारंपरिक कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणजे जिंतूर, सेलू, गंगाखेडला शिकत असलात तरी डिग्री नांदेडची. प्रश्न असा, की मद्रासला भरलेली परीक्षा नांदेडच्या डिग्रीत कशी येणार?

यूजीसीनं २०२१ मध्ये नियम केला की एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून करता येतील. आधी ही मर्यादा २० टक्के होती. पण "करता येतील" आणि "होतील" यात फरक आहे. तुमच्या विद्यापीठानं आणि कॉलेजनं तो विशिष्ट कोर्स मान्य केलेला असावा लागतो. साधारणपणे ४ आठवड्यांच्या कोर्सला १, ८ आठवड्यांच्या कोर्सला २ आणि १२ आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट धरतात.

माझ्या ओळखीतल्या एका मुलानं बारा आठवडे राबून परीक्षा चांगल्या मार्कांनी काढली आणि मग सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात गेला. उत्तर मिळालं, "आधी विचारायला पाहिजे होतं." कोर्स फुकट गेला नाही, त्याला पायथन येतं. पण डिग्रीत त्याचा उपयोग शून्य. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी विभागप्रमुखांना विचारायचं, शक्यतो लेखी, आणि मग नाव नोंदवायचं. कॉलेजात एनपीटेलचं 'लोकल चॅप्टर' आहे का हेही विचारा. असेल तर एक शिक्षक त्याचे समन्वयक असतात आणि असली कामं त्यांच्यामार्फत सोपी जातात. नसेल तर चॅप्टर सुरू करा अशी मागणी पाच-दहा जणांनी मिळून केली तर प्राचार्यांना टाळणं अवघड जातं.

दुसरा टप्पा म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, थोडक्यात एबीसी. हेही २०२१ चंच. बँकेत जसे वेगवेगळ्या ठिकाणचे पैसे एकाच खात्यात जमा होतात, तसे वेगवेगळ्या संस्थांचे क्रेडिट एका बारा अंकी आयडीवर जमा होतात. हा आयडी डिजिलॉकर ॲपमधून दोन मिनिटांत निघतो. फक्त एक काळजी घ्या. आधारवर, कॉलेजच्या रेकॉर्डवर आणि परीक्षेच्या फॉर्मवर नाव अगदी सारखं असू द्या. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी, वडिलांचं नाव कुठं आहे, कुठं नाही, असा प्रकार फार चालतो. माणसाला ते कळतं, कॉम्प्युटर मात्र अडून बसतो.

आता मार्कांचं. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्यात सर्वोत्तम ६. समजा असाइनमेंटची सरासरी ८० टक्के आली तर २० मार्क. परीक्षेत निम्मे मिळाले तर ३७.५. एकूण ५७.५, सर्टिफिकेट पक्कं. पण असाइनमेंटमध्ये पैकीच्या पैकी आणि परीक्षेत ७५ पैकी ३० च्या खाली, तर काहीच नाही. असाइनमेंटमध्येही २५ पैकी किमान १० हवेत. ग्रुपवर फिरणारी उत्तरं टिकमार्क करून भागवणारे इथंच पडतात, कारण परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यावी लागते.

कोर्स बघणं आणि असाइनमेंट करणं फुकट. पैसे फक्त परीक्षेचे. ही फी बरीच वर्षं हजार रुपये होती आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात निम्मी सवलत. चालू सत्राची रक्कम फॉर्म भरताना बघा. केंद्र कुठं मिळतं यावर एसटीचं भाडं धरून हिशेब करा.

मोबाईलवर किती जमतं?

लेक्चर बघायला मोबाईल पुरतो. स्लाइडवरचं अक्षर ३६०पी ला वाचता येतं, एचडीची गरज नाही. रोजच्या डेटा पॅकमधला जो उरतो तो रात्री बारापूर्वी लेक्चर डाउनलोड करण्यात घालवा, असा माझा सल्ला आहे. एनपीटेलच्या साईटवर बऱ्याच कोर्सचं लिखित रूपही मिळतं, काहींचं मराठीतसुद्धा. मराठी मजकूर कधीकधी बोजड वाटतो. मी मूळ इंग्रजी ऐकतो आणि अडलं तिथं मराठी बघतो.

कोड लिहायला मात्र मोबाईल पुरत नाही. ब्राउझरमध्ये पायथन चालतं, पण कंस आणि स्पेस टाइप करताना बोटं आखडतात. आठवड्यातून दोन तास कॉलेजची लॅब मिळवाच. इंग्रजी लेक्चर अजिबात झेपत नसेल तर आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' बघा. दहा-दहा मिनिटांचे धडे, त्यातले कितीतरी मराठी आवाजात, लिनक्सपासून लिबरऑफिसपर्यंत. प्रयोगांसाठी 'व्हर्च्युअल लॅब्ज' आहे. त्यातल्या बारा संस्थांमध्ये पुण्याचं सीओईपीही आहे.

शिक्षण झालं, संशोधनाचं काय?

संशोधनात एकत्र येण्याचं पहिलं कारण पैसा. एकेका जर्नलची वर्गणी एकट्या विद्यापीठाला परवडत नाही. १९९१ मध्ये पुण्याच्या आयुकात एक प्रकल्प म्हणून 'इन्फ्लिबनेट' सुरू झालं, आज ते गांधीनगरला आहे. देशभरातले पीएचडी प्रबंध फुकट वाचायला देणारं 'शोधगंगा' त्यांचंच. १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्याच समन्वयानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, आणि ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. खाजगी कॉलेज पहिल्या टप्प्यात नाहीत, आणि ही मला मोठी उणीव वाटते.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर औंढा नागनाथ बघा. १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होता. तिथं लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून जो सिग्नल येतो, तो गोंगाटात बुडालेला असतो. तो शोधून काढणं हे मुळात कॉम्प्युटरचं काम आहे आणि त्यासाठी आयुकासह जगभरातल्या संस्था डेटा वाटून घेतात. अमेरिकेतल्या लायगोचा डेटा आणि पायथनचे धडे आजही कुणालाही उघडता येतात. औंढ्याचं काम सुरू होईल तेव्हा त्याच्या लॅबमध्ये परभणी-हिंगोलीची किती पोरं असतील, हे त्या धड्यांना आज कोण हात लावतंय यावर बरंच अवलंबून आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही जागतिक बँक आणि आयसीएआर यांच्या निधीतून डिजिटल शेतीचा प्रकल्प झाला, रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांवर. कॉम्प्युटरवाल्या पोरांनी कृषी विद्यापीठाला 'आपलं क्षेत्र नाही' म्हणून वगळू नये. कापसाच्या पानावरचा रोग फोटोवरून ओळखायचा तर फोटोही इथलेच लागणार.

या सगळ्यात मला एक खटकतं. ज्ञान पवई-मद्रासहून येतं आणि आपण घेतो. उलटा प्रवाह फार बारीक आहे. पण एका ठिकाणी आपल्याकडे असं काही आहे जे त्यांच्याकडे नाही, ते म्हणजे आपली बोली. मराठी ऐकून लिहिणारी यंत्रं पुण्या-मुंबईच्या उच्चारांवर जास्त शिकली, तर "येऊलालाव", "करूलालाव" ऐकून ती गडबडणारच. सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पाचा 'भाषादान' हा भाग यासाठीच आहे. आयआयटी मद्रासचं 'एआयफॉरभारत' असाच आवाजांचा साठा जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा करतं. भाषादानच्या साईटवर मराठी निवडायची, समोर आलेलं वाक्य वाचून रेकॉर्ड करायचं, किंवा दुसऱ्याचं रेकॉर्डिंग बरोबर आहे का ते तपासायचं. मोबाईलच्या माइकवर होतं. पंखा तेवढा बंद करा.