टायरचा दाब आणि इशाऱ्याचा दिवा
बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात डिसेंबरच्या पहाटे मोटार सुरू करताच कधी कधी चालकापुढे नालाच्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा उजळतो. टायरमधील हवेचा दाब उतरल्याची ही सूचना होय. तापमान 10 अंश सेल्सिअसने घटल्यास दाब दर चौरस इंचास सुमारे दीड पौंडाने कमी होतो. परंतु खिळा रुतून हवा गळू लागली तरी हाच दिवा लागतो. म्हणून टायर थंड असतानाच दाब मोजावा व उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे हवा भरावी. ज्या मोटारींत चाकांच्या फेऱ्यांवरून दाबाचे अनुमान केले जाते, तेथे ‘रीसेट’ची कळ दाबताच त्या क्षणीचा दाब प्रमाण मानला जातो. हवा न भरताच ती दाबणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपविणे होय.