वडाचे न दिसणारे गणगोत

ज्येष्ठ पौर्णिमा जवळ आली की मुंबईच्या उपनगरांतील बाजारपेठांना निराळीच कळा चढते. सांताक्रूझच्या पूर्वेस वसलेल्या वाकोल्यातही आंबे, जांभळे, करवंदे, फणसाचे गरे, हळदकुंकवाच्या पुड्या आणि सुताच्या गुंड्या यांच्या शेजारी वडाच्या हिरव्या डहाळ्यांचे भारे येऊन पडतात. ज्यांना वडापर्यंत जाणे साधत नाही, त्या माताभगिनी एखादी डहाळी घरी नेतात, पाटावर ठेवून तिची पूजा करतात आणि व्रत पार पडल्याचे समाधान मानतात. या भागात उत्तर भारतीयांची वस्तीही मोठी आहे. त्यांचे वटसावित्रीचे व्रत अमावास्येस, म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी येते. साहजिकच एकाच पंधरवड्यात वडावर दोनदा कोयता चालतो.

व्रत करणाऱ्यांच्या भक्तिभावाविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. परंतु ज्या वृक्षाची आपण पूजा करतो, त्याच्या आधाराने कोण कोण जगते आणि तो स्वतः कोणाच्या आधाराने जगतो, याचा विचार सणाच्या दिवशी तरी व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

फुलावाचून फळ

आपल्या प्राचीन शास्त्रकारांची दृष्टी मोठी सूक्ष्म होती. आज आपण ‘वनस्पती’ हा शब्द सरसकट सर्व झाडाझुडपांना लावतो. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात मात्र त्याचा अर्थ नेमका आहे. ज्यांना फूल येत नाही पण फळ येते, ते वनस्पती. ज्यांना फूलही येते आणि फळही येते, ते वृक्ष. वड, पिंपळ आणि उंबर यांची गणना वनस्पतींत झाली, ती याच कारणाने. वडाचे फूल कोणी पाहिले आहे काय? फांदीला एकदम लालबुंद फळेच लगडलेली दिसतात.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू यास न्यग्रोधाचे, म्हणजे वडाचे, फळ आणावयास सांगतो. फळ फोडविले जाते, आतील कणाएवढे बी फोडविले जाते आणि मग पिता विचारतो, आत काय दिसते? पुत्र म्हणतो, काहीच नाही. त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच हा महावृक्ष उभा आहे, असा बोध पिता करतो. तो बोध अर्थातच आत्मतत्त्वाचा आहे. तथापि वडाच्या फळात डोळ्यांना सहजी न दिसणारा एक संसार खरोखरच नांदत असतो, हे आता वनस्पतिशास्त्रानेही दाखवून दिले आहे.

आपण ज्याला वडाचे फळ म्हणतो, ती वस्तुतः आत वळलेली फुलांची पिशवी होय. शेकडो इवलीशी फुले आतल्या बाजूस दाटीने बसलेली असतात आणि टोकाशी एक बारीकसे द्वार असते. वाऱ्याने किंवा मधमाशीने आत जावे, अशी तेथे सोयच नाही. मग पराग आत नेतो कोण?

दोन दिवसांचा पाहुणा

हे कार्य करतो तिळाहूनही लहान असा एक कीटक. गांधीलमाशीच्या गोत्रातील हा जीव. वडासाठी त्याची एक ठराविक जात आहे. शास्त्रज्ञ तिला युप्रिस्टिना मॅसोनी म्हणतात. पिंपळाचा कीटक निराळा, उंबराचा निराळा. वडाचा कीटक उंबरात संसार मांडू शकत नाही आणि उंबराचा वडात मांडू शकत नाही.

मादी फळाच्या त्या अरुंद द्वारातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. पुन्हा बाहेर येणे तिच्या नशिबी नसते. बरोबर आणलेला पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच देह ठेवते. ज्या फुलांत अंडी पडली, त्यांत कीटकाची पिल्ले वाढतात. उरलेल्या फुलांत वडाचे बी धरते. काही आठवड्यांनी नवी पिढी तयार होते. नरांना पंख नसतात. ते आतच माद्यांशी संग करतात, बाहेर पडण्याची वाट पोखरतात आणि मरतात. माद्या परागाने माखून त्या वाटेने बाहेर पडतात आणि गंधाच्या खुणेवर दुसरा वड शोधावयास निघतात. हाती वेळ असतो जेमतेम एकदोन दिवसांचा.

उंबर फोडताच आत किडे दिसतात म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की त्या किड्यांतलाच एक नसता, तर उंबराला बी धरले नसते. वटवर्गीय वृक्ष आणि हे कीटक यांचे सख्य सात-आठ कोटी वर्षांचे आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जगात अशा वृक्षवेलींच्या साडेसातशेच्या वर जाती आहेत आणि बहुतेकांचा कीटक आपापला ठरलेला आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात आशियातील या कुळाचे एक झाड शोभेसाठी लावले गेले होते. जोवर त्याचा कीटक तेथे पोहोचला नव्हता, तोवर ते निर्बीज राहिले. कीटक पोहोचताच त्याची रोपे भिंतीभिंतींवर उगवू लागली.

एका वडाने भागत नाही

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. एका वडावरील फळे साधारणपणे एकाच सुमारास तयार होतात. पण सगळ्या वडांचे वेळापत्रक एक नसते. ज्या दिवशी वाकोल्यातील एखाद्या वडातून कीटक बाहेर पडतील, त्या दिवशी वाऱ्याच्या टप्प्यात कोठेतरी दुसऱ्या वडाची फळे त्यांना घेण्याच्या अवस्थेत असली पाहिजेत. ती नसतील, तर तो सगळा थवा दोन दिवसांत व्यर्थ मरून जातो. आफ्रिकेतील नामिबिया देशात एका कोरड्या नदीकाठच्या उंबराच्या भाईबंदांचा अभ्यास झाला, तेव्हा हे कीटक वाऱ्यावर दीडशे किलोमीटरांहूनही दूर पराग नेतात असे आढळले. परंतु एवढा प्रवास साधणारा जीव हजारांत एखादा. बाकीच्यांना जवळचाच आश्रय हवा.

म्हणून पारावर एकटाच ध्यानस्थ बसल्यासारखा दिसणारा वड वास्तविक एकटा नसतो. कालिन्याचा वड, पार्ल्याचा वड, खारचा वड यांचे परस्परांत देणेघेणे चालू असते आणि त्या देवघेवीचा वाहक आपल्या डोळ्यांना दिसतही नाही. त्यांतील चार वड तोडले, तर उरलेला पाचवा हिरवागार दिसेल, त्याला सूतही गुंडाळता येईल. पण त्याचा वंश खुंटण्याच्या वाटेला लागेल.

आता पंगतीकडे पाहू. इतर झाडांची फळे संपलेली असताना रानात वड, पिंपळ, उंबर यांपैकी कोणी ना कोणी फळलेला असतो, तो या वेगवेगळ्या वेळापत्रकामुळेच. तांबट, बुलबुल, कोकिळ, साळुंकी, राखी धनेश आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हे सारे त्या पंगतीचे मानकरी. या कुळाची फळे खाणाऱ्या पशुपक्ष्यांच्या बाराशेहून अधिक जातींची जगभरात नोंद झाली आहे. रात्री पंगत बसते ती वटवाघळांची; त्यांच्या नावाच्या आरंभीच वट हा शब्द ऐकू येतो. हे पाहुणे जेवतात आणि दक्षिणा म्हणून बी दूरवर टाकून जातात. १८८३ साली इंडोनेशियातील क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा महास्फोट झाला आणि तेथील सृष्टी भस्मसात झाली. पुढील काही दशकांतच सुमारे चाळीस किलोमीटर समुद्र ओलांडून पक्षी आणि वटवाघळे यांनी वटवर्गीय झाडांचे बी तेथे नेले. मागोमाग कीटकही वाऱ्यावर आले. राखेतून रान पुन्हा उभे राहिले, त्यात या कुळाचा वाटा मोठा होता.

वाकोल्याची भूमी

वाकोला हा जुन्या कोळेकल्याण गावचा भाग. पलीकडे मिठी नदी आणि तिचे खाजण. विहार व पवई तलावांपासून निघालेली मिठी माहीमच्या खाडीला मिळते आणि वाकोला नाला वाटेत तिला येऊन मिळतो. मुंबईच्या स्थळनामांत झाडे पुष्कळ आहेत. वडाळ्याच्या नावात वड आणि उमरखाडीच्या नावात उंबर जाणकार दाखवितात. उंबर हा ओढ्याकाठी, ओलीत रमणारा वृक्ष, हे पाहता खाडीशी जोडलेले त्याचे नाव सार्थच म्हटले पाहिजे.

त्या उंबराला आज वाकोल्यात काठ कोठे आहे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोला, कालिना पाण्याखाली गेले आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर मिठी व तिचे नाले रुंद करण्याचे, खोल करण्याचे आणि त्यांना भिंती घालण्याचे काम हाती घेतले गेले. माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. त्या कामाला नाव ठेवण्याचे कारण नाही. तथापि भिंत उभी राहिली तेथे मातीचा काठ गेला आणि काठाबरोबर उंबराची जागा गेली, हेही तितकेच खरे.

रस्त्याच्या कडेच्या वडांची कथा याहून वेगळी नाही. बुंध्याभोवती काँक्रीट ओतले जाते, मुळांना पाणी व हवा पोहोचत नाही. पारंब्या वाटेत येतात म्हणून छाटल्या जातात. मग जमिनीत रुजून फांदीला आधार देणारे खांबच उभे राहत नाहीत. फांदी भाराने मोडली की झाड धोकादायक ठरते आणि तोडले जाते. त्याच्या जागी बहुधा गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष लावीत आले. एक मादागास्करचा, दुसरा दक्षिण अमेरिकेचा. त्यांची सावली आणि शोभा नाकारता येत नाही. पण हरियालाला किंवा तांबटाला त्यांवर जेवण नाही. शिवाय एकाच जातीचे वृक्ष ओळीने लावण्याचा धोकाही मुंबईने पाहिला आहे. गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने पर्जन्यवृक्ष रांगेने वाळून गेले. जेथे विविधता असते तेथे एकाचे संकट सर्वांचे होत नाही.

वटवाघळांवर तर कायद्याचीही अवकृपा होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांसह उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. माणसाच्या मनातील अनुसूची जाण्यास मात्र अजून वेळ लागेल असे दिसते.

झाडांसाठीही कायदा आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ पासून आहे. त्यात झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणे हेही तोडण्यातच धरले आहे. २०२१ साली त्यात पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी ‘वारसा वृक्ष’ ही संकल्पना आली. बाजारातील डहाळ्यांच्या भाऱ्याला या अधिनियमाची आठवण कोणी करून देत नाही, ही गोष्ट वेगळी.

सावित्रीने काय मागितले

आता आख्यानाकडे वळू. महाभारताच्या वनपर्वात सत्यवान कुऱ्हाड घेऊन रानात जातो. फळे गोळा होतात, आणि मग लाकूड फोडता फोडताच त्याच्या मस्तकात कळ येते व तो सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवून निजतो. काळाची गाठ पडते ती कुऱ्हाड चालत असताना. त्याच सावित्रीच्या नावाने आपण वडावर कुऱ्हाड चालवितो, यातील विसंगती सुज्ञांस वेगळी सांगावयास नको.

परंतु आमच्या मते आख्यानाचे मर्म पुढे आहे. यमधर्म वर देऊ लागला, तेव्हा सावित्रीने प्रथम पतीचे प्राण मागितले नाहीत. प्रथम मागितली अंध सासऱ्यांची दृष्टी, मग त्यांचे गेलेले राज्य. नंतर निपुत्रिक पित्यासाठी पुत्र. नंतर आपल्या दोघांची संतती. पतीचे आयुष्य सर्वांत शेवटी. यमाचे वचन सत्य व्हावयाचे तर सत्यवानाने जगलेच पाहिजे, अशी तिने त्याच्या जीवनाभोवती सगळ्या गणगोताची गुंफण केली. जो एकटा आहे तो सहज नेता येतो. ज्याच्या असण्यावर दहा जणांचे असणे अवलंबून आहे आणि दहा जणांवर ज्याचे, त्याला तोडणे यमालाही अवघड जाते.

वडासाठी मागणे मागावयाचे, तर ते याच रीतीने मागितले पाहिजे. कीटक मागावा, तांबट मागावा, वटवाघूळ मागावे, शेजारच्या आळीतील दुसरा वड मागावा. मग वड आपोआप मागितल्यासारखा होतो. डहाळी विकतच घेतली नाही, तर ती तोडलीही जाणार नाही. जवळच्या वडाशी जाऊन एक नमस्कार केला तरी व्रताचे पुण्य उणे होत नाही. आणि जाणे खरोखरच अशक्य असेल, तर पाटावर वडाचे चित्र काढून पूजा करण्याची प्रथा घराघरांत आहेच. आपल्या इमारतीच्या सांडपाण्याच्या नळाजवळ किंवा गच्चीच्या कठड्यात पाखराने पेरलेले वडा-पिंपळाचे रोप दिसले, तर ते वेळीच, मूळ न दुखविता काढून पावसाच्या तोंडावर योग्य जागी लावावे. भिंतही वाचेल आणि रोपही. बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढून हातभर माती मोकळी करावी, असा अर्ज सोसायटीने महानगरपालिकेच्या उद्यान खात्याकडे करावा.

सात जन्मांचे मागणे वडाला सांगावयाचे, तर वडालाही पुढचा जन्म असला पाहिजे. तो त्या तिळाएवढ्या जीवाच्या दोन दिवसांच्या आयुष्यावर अवलंबून आहे. सूत गुंडाळताना त्याचीही आठवण ठेवावी, एवढीच आमची माताभगिनींस आणि त्यांच्या यजमानांस विनंती.