बाळाचं नाव शिधापत्रिकेवर घातलं का?

बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याच दिवशी औत सोडतो. पण अंगावर पिताना बाळ दमतं, कपाळाला घाम येतो, वजन भरत नाही, तर घरात म्हणतात, "दृष्ट लागली असंल." रडताना ओठ निळे पडले की मग धावपळ. ही लक्षणं जन्मजात हृदयदोषाची असू शकतात. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून एखादा एकर विकायची भाषा सुरू होते.

जमिनीला हात लावण्याआधी एवढं वाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियाही त्यात बसतात. शिधापत्रिका पिवळी असो, केशरी असो की पांढरी.

ही कुणाची मेहेरबानी नव्हे. आयुष्मान भारत योजनेत बसणाऱ्या कुटुंबांचा भार केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के उचलतं, बाकीच्यांचा राज्य. ट्रॅक्टरच्या डिझेलवर तुम्ही भरता त्या करातला काही वाटाही राज्याच्या तिजोरीत जातो.

मग अडतं कुठं? पहिलं, कागदात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहिली की दाखला राहतो, दाखल्यावाचून शिधापत्रिकेवर नाव चढत नाही. मग ऐन वेळी बाळ दवाखान्यात आणि बाप तहसीलच्या पायरीवर!

दुसरं, तपासणीत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. दोष सापडला तर पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी तिथंच मिळते. पण दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं फडावर असतात आणि पथक गावात. ज्याला गरज जास्त, तेच पोर नेमकं सुटतं.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तीन कामं मनावर घ्यावीत. पथकाची तारीख आधी दवंडीनं कळवावी. सुटलेल्या मुलांची यादी अंगणवाडीताईंकडून घ्यावी आणि टोळी परतली की आरोग्य केंद्रात त्यांची तपासणी करवून घ्यावी. जन्मनोंद राहिलेली घरं ग्रामसभेत शोधावीत.

आणि तुम्ही? योजनेतल्या रुग्णालयात गेलात की आधी आरोग्यमित्राला भेटा. मंजूर उपचाराचे पैसे कुणी मागितले तर १५५३८८ वर फोन लावा. बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसांचा मुक्काम हे कुठल्याच कार्डात बसत नाही. तिथं मात्र गावानं हात द्यायचा.

आज घरी गेलात की शिधापत्रिका काढा. धाकट्याचं नाव आहे का, बघा.